गेम बंद होतो तेव्हा नेमकं काय होतं, आणि खेळणाऱ्याला कोण विचारतं?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बातमी पोहोचली ती अशी: ‘सरकारनं मोबाइलचे गेम बंद केले.’ घरोघरच्या मायांना हायसं वाटलं, पोट्टे घाबरले. आठ-पंधरा दिवसांत दोघांच्याही लक्षात आलं की बीजीएमआय (पबजी या बंदुकीच्या लढाईच्या गेमची भारतासाठीची आवृत्ती) चालू आहे, लुडो चालू आहे. बंद झाली ती पैसे लावून खेळायची रमी आणि तसलेच बाकीचे प्रकार. मग दहावीतल्या एका पोट्ट्यानं मला विचारलं, “सर, मंग तवा फ्री फायर काहून बंद केला होता? अन् आमाले कोनं इचारलं?”

प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही चांगले आहेत. पहिल्याचं उत्तर कायद्यात मिळतं. दुसऱ्याचं उत्तर ‘कोणीच नाही’ असं आहे, आणि हा लेख मुख्यतः त्यासाठी लिहितो आहे.

सगळे गेम एका माळेचे मणी नाहीत

२०२५ च्या कायद्यानं ऑनलाइन खेळांचे तीन भाग केले. पहिला ई-स्पोर्ट्स, म्हणजे ठरलेल्या नियमांनी, संघ करून, स्पर्धा म्हणून खेळले जाणारे व्हिडिओ गेम. दुसरा सोशल गेम, म्हणजे करमणुकीसाठी किंवा शिकण्यासाठी खेळायचे, ज्यात पैज नसते. तिसरा मनी गेम: पैसे लावायचे आणि जास्त पैसे मिळतील या आशेनं खेळायचं. बंदी आहे ती या तिसऱ्या प्रकारावर. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. बँकांनी असे व्यवहार पुढे जाऊ द्यायचे नाहीत. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, कारण कायदा त्याच्याकडे फसलेला माणूस म्हणून बघतो.

यात एक जुना वादही निकाली काढला गेला. रमी हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्येच म्हटलं होतं, आणि ऑनलाइन रमीवाल्या कंपन्या त्याच निकालाच्या आधारावर उभ्या होत्या. नव्या कायद्यानं कौशल्य असो की नशीब, पैसे लावले की मनी गेम, अशी व्याख्या केली. कंपन्या याविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतली प्रकरणं सर्वोच्च न्यायालयानं आपल्याकडे घेतली.

माझं मत विचाराल तर पैसे लावायच्या गेमवर लगाम हवाच होता. कापूस विकून आलेली रक्कम एका रात्रीत मोबाइलमधून जाते तेव्हा घरात काय होतं, हे खेड्यात राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. पण फ्री फायर आणि पबजी हे लढाईचे गेम या यादीत कधीच नव्हते. ते बंद झाले वेगळ्या दारानं.

दुसरं दार: कलम ६९-अ

माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६९-अ नावाचं कलम आहे. देशाची अखंडता, संरक्षण, सुरक्षा, परदेशांशी संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा यांच्याशी संबंधित गंभीर गुन्ह्याला चिथावणी, एवढ्या कारणांसाठी केंद्र सरकार इंटरनेटवरची कुठलीही गोष्ट लोकांना दिसू नये असा आदेश काढू शकतं. पोरांचा अभ्यास बुडतो, डोळे खराब होतात, ही कारणं त्यात नाहीत.

गलवानच्या चकमकीनंतर, २ सप्टेंबर २०२० ला, याच कलमाखाली ११८ अ‍ॅप बंद झाली आणि त्यात पबजी मोबाइल होता. गेम मूळचा दक्षिण कोरियाचा, पण मोबाइलवर तो चालवत होती चीनची टेन्सेंट, आणि सरकारचं म्हणणं होतं की भारतीयांची माहिती बाहेर जाते. ज्यांच्या फोनमध्ये गेम आधीपासून होता त्यांचा काही दिवस चालला. ३० ऑक्टोबरला सर्व्हरच बंद झाले. मग २ जुलै २०२१ ला क्राफ्टन या कोरियन कंपनीनं बीजीएमआय आणला. १४ फेब्रुवारी २०२२ ला ५४ अ‍ॅपांची आणखी एक यादी निघाली, त्यात सिंगापूरच्या गरेनाचा फ्री फायर गेला. त्याच कंपनीचा फ्री फायर मॅक्स मात्र प्ले स्टोअरवर तसाच राहिला. २८ जुलै २०२२ ला बीजीएमआय स्टोअरवरून गायब झाला आणि मे २०२३ मध्ये अटींसह परत आला: अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास, मोठ्यांना सहा.

ही यादी मुद्दाम तारखांसह दिली, कारण खेळणाऱ्या पोराच्या बाजूनं ती वाचली की गोंधळ समजतो. तोच गेम दोन वेळा गेला आणि दोन वेळा आला. एका नावानं बंद, जवळपास त्याच गेमला दुसऱ्या नावानं परवानगी. आणि बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये का गेला याचं कारण सांगणारा आदेश लोकांपुढे ठेवला गेलाच नाही. ६९-अ च्या नियमांत गोपनीयतेची तरतूद आहे. तक्रार कोणाची, आदेशात काय लिहिलं, हे गुप्त ठेवता येतं. कंपनीला नोटीस जाते, तिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. खेळणारा या कागदपत्रांत कुठेच नसतो.

२०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याच कायद्यातलं ६६-अ हे, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा देणारं, कलम रद्द केलं, पण ६९-अ कायम ठेवलं. त्यासाठी न्यायालयानं दिलेलं एक कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे: या कलमाखालच्या आदेशात कारणं लिहून ठेवावी लागतात, त्यामुळे त्या आदेशाला न्यायालयात आव्हान देता येतं. पण कारण वाचायलाच मिळत नसेल तर आव्हान द्यायचं कशाच्या आधारावर?

याला सेन्सॉरशिप म्हणायचं का?

सेन्सॉरशिप म्हणजे एखादी गोष्ट लोकांपर्यंत पोहोचण्याआधी किंवा पोहोचल्यावर सत्तेनं ती कापणं, बदलायला लावणं किंवा अडवणं. सिनेमासाठी १९५२ चा कायदा आहे, मंडळ आहे, प्रमाणपत्र आहे. निर्मात्याला कळतं की कुठला प्रसंग का कापला, आणि तो न्यायालयात जाऊ शकतो. गेमसाठी आपल्याकडे असं मंडळ नाही. प्ले स्टोअरवर १२+ किंवा १६+ असं दिसतं ते कंपनीनं भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरतं.

मग मंडळ नाही तर सेन्सॉरशिपही नाही, असं वाटेल. पण बीजीएमआय उघडून बघा. गोळी लागल्यावर रक्त लाल दिसत नाही, हिरवं दिसतं. हे बदल कंपनीनं भारतासाठी केले. परत बंदी येऊ नये म्हणून आधीच स्वतःला कात्री लावून घेणं हाही सेन्सॉरशिपचाच प्रकार आहे, आणि त्यावर कुठेही चर्चा होत नाही. रक्त हिरवं केल्यानं मूल सुरक्षित झालं का, हे कोणी तपासलेलं मला दिसलं नाही.

अमेरिकेत हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. कॅलिफोर्नियानं २००५ मध्ये हिंसक गेम अल्पवयीनांना विकायला बंदी केली होती. २०११ मध्ये न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी तो कायदा रद्द केला आणि म्हटलं की पुस्तकं, नाटकं, सिनेमे यांच्यासारखंच व्हिडिओ गेमलाही अभिव्यक्तीचं संरक्षण आहे. आपल्या घटनेत कलम १९(१)(अ) मध्ये अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे आणि १९(२) मध्ये त्यावर घालता येणारी बंधनं मोजून सांगितली आहेत. गेमला ते लागू होतं का, यावर आपल्याकडे तसा स्पष्ट, गाजलेला निकाल नाही. त्यामुळे आपल्या देशात गेम म्हणजे कला की माल की व्यसन, हे ज्याच्या त्याच्या मनावर राहिलं आहे. मार्च २०१९ मध्ये गुजरातेत राजकोट पोलिसांनी पबजीवर मनाई आदेश काढला आणि मोबाइलवर खेळणाऱ्या तरुणांना अटक केली. गेम तेव्हा देशभर कायदेशीर होता.

खेड्यात हा फटका वेगळा बसतो

पुण्या-मुंबईच्या पोराकडे लॅपटॉप असतो, प्ले स्टेशन असतो. एक गेम गेला तर दुसरा आहे. आमच्याकडे फोन हेच सगळं. आणि फोनही बहुतेकदा बापाचा.

संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर जाऊन बघा, कारण नेट तिथंच बरं मिळतं. चौघांचा स्क्वॉड, दोघांचे फोन, त्यातल्या एकाच्या मागच्या झाकणाला रबर लावलेलं. “झोनमंदी ये बे, मले रिव्हाइव्ह दे!” असा आरडाओरडा चालू असतो आणि तेवढ्यात कृषी केंद्रवाल्याचा बापासाठी फोन येतो. मॅच गेली. पोरगा फोन घेऊन घराकडे पळतो आणि बाकीचे तिघे त्याच्या नावानं खडे फोडत बसतात. फ्री फायर इथं एवढा रुजला तो याचमुळे: कमी रॅमच्या, स्वस्त फोनवर तो चालायचा, मॅच लवकर संपायची.

या पोरांनी त्यात पैसेही घातलेले असतात. दिवाळीनंतर कापूस वेचायला जायचं, किलोच्या भावानं मजुरी मिळते, त्यातले थोडे घरी देऊन उरलेल्यातून तालुक्याच्या मोबाइल दुकानात रिडीम कोड घ्यायचा आणि डायमंड विकत घ्यायचे. डायमंड म्हणजे गेममधलं चलन. त्यानं पोशाख, बंदुकीची सजावट मिळते. हे चांगलं की वाईट यावर घरात जरूर भांडा. पण गेम बंद झाला तेव्हा ही कष्टाची रक्कम कुठे गेली, परत मिळण्याचा काही मार्ग आहे का, याचा एका ओळीचाही खुलासा या पोरांना मिळाला नाही. पबजीवाल्यांपैकी ज्यांचा आयडी फेसबुक-ट्विटरला जोडलेला होता त्यांना पुढे तो बीजीएमआयमध्ये हलवता आला. ही सोय आहे हेच गावात कित्येकांना माहीत नव्हतं.

शंकरपटाकडे बघा

प्रतिनिधित्व म्हणजे काय, हे समजायला विदर्भातल्या माणसाला लांब जायला नको. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती थांबल्या आणि तळेगाव दशासरपासून भंडाऱ्यापर्यंत शंकरपट ओस पडले. पटाचे आयोजक, बैलजोडीचे मालक, गावोगावच्या समित्या गप्प बसल्या नाहीत. निवेदनं गेली, मोर्चे निघाले, सगळ्या पक्षांच्या आमदारांना भूमिका घ्यावी लागली. २०१७ मध्ये विधिमंडळानं कायद्यात दुरुस्ती केली. ती न्यायालयात अडकली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं दुरुस्ती वैध ठरवली.

इथं शर्यत बरी की वाईट हा मुद्दा बाजूला ठेवू. बैलांच्या हालांचा प्रश्न खरा होता आणि म्हणूनच नियम कडक झाले. बघायचं ते हे, की बंदीची कारणं सगळ्यांना वाचता येत होती, बाजू मांडायला माणसं होती, त्यांना मत होतं, आणि आमदाराला त्या मताची फिकीर होती. म्हणून बंदीपासून नियमांपर्यंतचा रस्ता निघाला.

गेम खेळणाऱ्यांकडे यातलं काय आहे? समिती नाही. कारणांचा कागद नाही. बरेचसे अठरा वर्षांखालचे, त्यांना मत नाही. जे अठराच्या वरचे आहेत ते चारचौघांत ‘मी गेम खेळतो’ म्हणायला लाजतात. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा अंगणवाडी सेविकांपासून विनाअनुदानित शिक्षकांपर्यंत सगळ्यांचे मोर्चे येतात, प्रत्येकाचं निवेदन कोणीतरी मंत्री घेतो. या रांगेत गेम खेळणारे कधी दिसले नाहीत.

“कंपन्या बोलतात की खेळणाऱ्यांच्या वतीनं!”

नाही बोलत. गेमिंग कंपन्यांच्या संघटना दिल्लीत आहेत, वकील आहेत, मंत्रालयात त्यांची ये-जा आहे. एप्रिल २०२३ मध्ये सरकारनं नियम केले तेव्हा गेमची तपासणी स्वनियामक संस्थांनी करावी अशी कल्पना होती, आणि त्या संस्था उद्योगातूनच उभ्या राहणार होत्या; ती योजना प्रत्यक्षात आलीच नाही. पण कंपनीचं हित आणि खेळणाऱ्याचं हित वेगळं असतं. कंपनीला पोरानं जास्त वेळ खेळावं, जास्त डायमंड घ्यावे असं वाटतं. खेळणाऱ्याला हवं असतं की विकत घेतलेलं टिकावं, फसवणूक होऊ नये, आणि काही झालं तर मराठीत दाद मागायला जागा असावी.

एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधान काही नामवंत गेमरना भेटले. चांगलंच झालं. पण ती मंडळी या क्षेत्रात नाव आणि पैसा कमावलेली आहेत. घाटंजीच्या किंवा धारणीच्या पोराचा प्रश्न त्या टेबलावर कोण ठेवणार?

२०२५ चा कायदा २० ऑगस्टला लोकसभेत मांडला आणि त्याच दिवशी मंजूर झाला, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा असं सरकारचंच २०१४ चं धोरण आहे. इथं ते झालं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नियमांचा मसुदा मात्र सूचनांसाठी खुला केला गेला. त्यात गेमिंगवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाची रचना होती: मुख्यतः मंत्रालयांतले अधिकारी. खेळणाऱ्यांसाठी किंवा पालकांसाठी खुर्ची राखलेली नव्हती. मला वाटतं, मागणी करायची तर ती या खुर्चीची करावी.

“पण पोरं बिघडतात, त्याचं काय?”

ही काळजी खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं ‘गेमिंग डिसऑर्डर’ आपल्या आजारांच्या यादीत घेतला आहे आणि ती यादी २०२२ पासून लागू आहे. पण व्याख्या नीट वाचा: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होतो, नुकसान दिसूनही थांबता येत नाही, आणि साधारण वर्षभर असं चालतं. रोज तासभर ओट्यावर आरडाओरडा करणारा पोरगा या व्याख्येत बसत नाही. जो बसतो त्याला उपचार लागतात, आणि तालुक्याच्या ठिकाणी समुपदेशक मिळणं हा खरा प्रश्न आहे. गेम बंद करून तो सुटत नाही. पोरगा दुसरा गेम घेतो.

दक्षिण कोरियानं २०११ मध्ये कायदाच केला होता, सोळा वर्षांखालच्यांना रात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद. दहा वर्षांनी तो मागे घेतला, आणि पालक व मूल यांनी मिळून वेळ ठरवून कंपनीकडून ती लागू करून घ्यायची, या पद्धतीवर भर दिला. चीननं २०२१ मध्ये उलट टोक गाठलं: अल्पवयीनांना फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी, रात्री आठ ते नऊ. मला कोरियाची वाट पटते, कारण तिच्यात घरातल्या माणसांना विचारलं जातं.

२०१९ मध्ये अकरा वर्षांच्या एका मुलानं आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात पबजी बंद करा अशी याचिका केली होती. मला त्याचं म्हणणं पटत नाही, पण त्यानं योग्य दार ठोठावलं. मुलांना या विषयावर मत असतं आणि ते मांडता येतं, एवढं त्यावरून दिसतं.

“कापसाला भाव नाही, आणि हे गेमचं काय घेऊन बसलात?”

हा आक्षेप मला पारावर हमखास ऐकू येतो. भावाचा प्रश्न मोठा आहेच. पण त्याच शेतकऱ्याचा पोरगा फोनवर काय बघू शकतो, काय खेळू शकतो, हे कारण न सांगता ठरवता येत असेल तर उद्या तीच पद्धत दुसऱ्या कशालाही लागू होईल. ६९-अ चे आदेश गेमपुरते नाहीत. वेबसाइट, व्हिडिओ, खाती यांनाही ते लागतात.

“गेमरांच्या मतानं कोण निवडून येतं?”

कदाचित कोणी येणार नाही. तरीही फरक पडतो, हे ऑस्ट्रेलियात दिसलं. तिथं सिनेमाला प्रौढांसाठीची श्रेणी होती, गेमला नव्हती. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलासाठी योग्य नसलेला गेम मोठ्या माणसालाही विकत घेता यायचा नाही. नियम बदलायचा तर सगळ्या राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलांची, म्हणजे तिथल्या कायदामंत्र्यांची, एकमतानं संमती लागायची, आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाचे मायकल अ‍ॅटकिन्सन विरोधात होते. तेव्हा गेम खेळणाऱ्यांनी ‘गेमर्स फॉर क्रॉयडन’ नावाचा छोटा पक्ष काढला आणि २०१० च्या राज्य निवडणुकीत थेट त्यांच्या मतदारसंघात उमेदवार दिला. अ‍ॅटकिन्सन निवडून आले, पण निवडणुकीनंतर त्यांनी ते मंत्रिपद सोडलं. सरकारनं जनतेची मतं मागवली तेव्हा अठ्ठावन्न हजारांवर लोकांनी लिहिलं, बहुतेक सगळ्यांनी बाजूनं. १ जानेवारी २०१३ पासून गेमसाठी प्रौढ श्रेणी लागू झाली. यानं मुलांचंही भलं झालं, कारण प्रौढांचा गेम मुलांना विकायचा नाही असं आता डब्यावरच लिहिलं गेलं.

इथून काय करता येतं

पक्ष काढायची गरज नाही. विदर्भातून लोकसभेत दहा खासदार जातात. त्यांतल्या मंत्री नसलेल्या प्रत्येकाला अतारांकित प्रश्न विचारता येतो, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री लेखी देतात. ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे आहे, बाकी ऑनलाइन गेमिंग इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे. पत्रात हे बरोबर लिहिलं तर ते भलत्या टेबलावर जात नाही. राज्याकडे क्रीडा खातं आहे, तेव्हा तालुका क्रीडा संकुलात ई-स्पोर्ट्सची एक खोली हवी ही मागणी आमदाराकडे करायची. नियमांचा मसुदा निघाला की मराठीत सूचना पाठवायची, ग्रामसभेत विषय मांडून ठराव जोडला तर आणखी बरं. आणि पत्रावर खेळणाऱ्या पोरीची सहीही असू द्या. भावाचा फोन अर्धा तास मिळाला तर त्यावर खेळणाऱ्या पोरी आहेत, त्यांना कोणी मोजतच नाही.

त्या दहावीतल्या पोट्ट्याला मी खासदारांच्या नावानं पत्र लिहायला सांगितलं. त्यात तीनच प्रश्न ठेवले. गेम बंद करण्याच्या आदेशातली कारणं, सुरक्षेला बाधा येणार नाही तेवढी, जाहीर करणार का? बंद झालेल्या गेममध्ये घातलेल्या पैशांची दाद कुठे मागायची? आणि गेमिंगच्या प्राधिकरणावर खेळणाऱ्यांचा आणि पालकांचा एक-एक प्रतिनिधी घेणार का? खासदारांचे पत्ते आणि ईमेल लोकसभेच्या संकेतस्थळावर आहेत.